मण तीन शेर

१

जे मोजता येत नाही ते मला कधी पटलं नाही. कामरगावात यावरून लोक माझी टर उडवत. पण कोणाचं शिवणयंत्र अडलं, कोणाचं विहिरीवरचं इंजिन फसफसून बसलं, की तेच लोक ‘जगदेव मिस्त्रीले बोलवा’ म्हणत दारात उभे राहत. मी कारंज्याला हिरालालशेठच्या जिनात फिटर होतो. कापूस, सरकी, पट्टे, चाकं, सगळं मोजून-मापून. वीस वर्षांत माझा हात इतका बसला होता की पोतं उचललं की किती शेर ते सांगायचो, आणि काटा माझं ऐकायचा.

लढाई संपली तशा लष्कराच्या जुन्या फटफट्या लिलावात निघाल्या. शेठच्या ओळखीनं त्यातली एक माझ्या हाती लागली. आली तेव्हा खाकी रंगाची, तेल गाळणारी, म्हाताऱ्यासारखी खोकणारी. बैल विकल्यापासून आमचा कोठा रिकामाच होता, तिथे तिला उभी केली. दोन महिने रोज कामावरून आलो की दिवस मावळेपर्यंत मी आणि ती. इंजिन पुरतं खोललं, नव्या कड्या घातल्या. सायलेन्सर फाडून आत दुहेरी जाळी बसवली, आवाज निम्म्यावर आणला. हँडल वाकवून माझ्या खांद्याच्या मापाला आणलं. टाकीला काळा रंग दिला आणि त्यावर पिवळी रेघ ओढली. ती रेघ मात्र नुसती हौस होती.

कोठ्यासमोरच्या खिडकीत माझी बायको रंगू खाटेवर पडून हे सगळं पाहायची. तीन वर्षांपूर्वी तिला मुदतीचा ताप आला, आणि उतरला तो तिचे पाय घेऊनच. पाठीच्या कण्याला जरासा हिसका बसला तरी कळ मस्तकात जायची, त्यामुळे बैलबंडीत बसायची सोय उरली नव्हती. जीभ मात्र शाबूत होती.

“माह्यापरीस त्या फटफटीचीच जास्त सेवा करून राह्यले तुमी,” ती म्हणाली.

“तुह्यासाठीच करून राह्यलो.”

“मंग तिले पंख लावा अन् मले अनसिंगले न्या. मायचे डोये गेले. ती गेल्यावर जाऊन काय करू?”

अनसिंग तिचं माहेर. तीन वर्षांत मायलेकी भेटल्या नव्हत्या. रंगूनं हे हसत म्हटलं, पण म्हणून झाल्यावर तोंड भिंतीकडे वळवलं. मी हातातला पाना खाली ठेवला आणि साईडकार करायचं ठरवलं.

२

मोडकळीला आलेल्या एका रेंगीचं लाकूड मिळालं. सागाचं, सवारीच्या बंडीचं, तासून गुळगुळीत झालेलं. त्याचा मी नावेसारखा साटा केला, आत टेकून बसायचं आसन, त्यावर नवं कातडं. गावानं त्याला लगेच ‘खटोला’ नाव ठेवलं. पण खरं काम खालच्या पाट्यांचं, धक्के झेलणाऱ्या स्प्रिंगांचं होतं. भंगारातल्या लॉरीचे पाटे काढले, घासून पातळ केले. पाटे कडक राहिले तर दगडागणिक रंगूच्या पाठीत सुरी, नरम झाले तर बूड आपटणार. म्हणजे ते नेमके तिच्या वजनालाच बसले पाहिजेत.

वजन करायला पानाबाईच्या दुकानातून कापसाचा मोठा तराजू आणला. पानाबाई गल्लीच्या तोंडाशी किराणा चालवायची, जैनांची विधवा बाई, स्वभावानं मोकळी. कोठ्याच्या आढ्याला तराजू टांगला. एका बाजूला फळी बांधून तिच्यावर गादी, गादीवर रंगू. दुसऱ्या बाजूला पोत्यात सरकी ओतत गेलो.

“पाहा बाप्पा, सरकीच्या भावात गेली मी!” रंगू हसली.

दांडी सरळ झाली. मग ती सरकी वजनांवर मोजली. एक मण तीन शेर. म्हणजे त्रेचाळीस शेर. मी खडूनं खांबावर लिहून ठेवलं.

माझी रामीआत्या दारात उभी होती. मी जिनात असलो की रंगूचं तीच पाहायची. ती म्हणाली, “जगदेव, माणूस तोललं की समोरचं दान करा लागते. आजच्या आज. घरात ठेवत नाई ते.”

“आत्या, तुला-बिला नाई ही. मापासाठी तोललं. पाटे बसेपर्यंत दोन हप्ते ही सरकी खटोल्यात फिरवतो, मंग शेठच्या बैलाईले घालतो.”

“अन् दोन हप्ते ते वजन कोणाचं?”

बायकांच्या अशा प्रश्नांना उत्तरं द्यायची नसतात असं मला वाटायचं. मी रंगूला उचलून खाटेवर ठेवलं आणि कामाला लागलो.

३

सरकीची दोन पोती केली. एक आसनावर, एक पाठीला टेकून, दोन्ही पट्ट्यानं आवळली. तरटानं नवं कातडं खरवडू नये म्हणून भोवती रंगूचं जुनं हिरवं लुगडं गुंडाळलं. रिकामा खटोला चाकाच्या आसापासून आठ बोटं वर उभा राहायचा, सरकी घातली की बरोबर चार बोटं. हे माप मी रोज दोनदा घेई, निघताना आणि आल्यावर.

कामरगाव ते कारंजा, कारंजा ते कामरगाव. दुसऱ्याच दिवशी पानाबाईनं दुकानातून हाक मारली.

“जगदेवभाऊ! रंगूबाईले बरं वाटलं म्हना! बाहेर काढली तिले, लय चांगलं केलं.”

“पोतं हाय ते, पानाबाई. सरकीचं.”

ती पोट धरून हसली. दोन दिवसांनी मात्र हसली नाही. “थट्टा कायले करता भाऊ? सकाळी हात केला तिनं मले,” म्हणाली.

पानाबाईचा चष्मा दोरीनं बांधलेला होता आणि एका काचेला तडा होता. लुगड्याचा पदर वाऱ्यानं उडाला असणार. मी त्या दिवशी पदराला दोन टाके घातले.

गाडी मात्र काय चालत होती! डावीकडे वळताना साईडकारचं चाक उचललं जातं हा मोठा घोर असतो. आमचं चाक रस्ता सोडत नव्हतं. दगड आला की खटोला नुसती मान हलवल्यासारखा हलायचा. रंगूला यात बसवायचं म्हणून मला इतका आनंद झाला होता की मी रस्त्यानं मोठ्यानं गाणं म्हणायचो.

४

दहाव्या दिवशी घरी आलो. रंगूला भाकरीचा घास भरवत होतो, तर ती म्हणाली, “नाल्यात म्हशी बसल्या व्हत्या ना आज? एकीच्या पाठीवर बगया व्हता.”

होता. मी विचारलं, “कोनं सांगतलं?”

“कोन सांगन? आत्या अन् मी, दोघीच तर असतो घरात.” ती कौतुकानं हसली. “अन् त्या वळणावरच्या झोपडीले निळं दार लावलं. किती सुंदर दिसते!”

मी त्या रस्त्यानं रोज जात होतो, निळं दार मी पाहिलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी वळणावर गाडी उभी केली. झोपडी होती, पण तिची गवती वळचण इतकी खाली आली होती की गाडीवरून भिंतसुद्धा दिसत नव्हती. मी खाली उतरलो. इकडेतिकडे कोणी नाही हे पाहून खटोल्यापाशी उकिडवा बसलो आणि पोत्याच्या वरच्या टोकाच्या उंचीला डोकं नेलं.

वळचणीखालून दार दिसलं. निळं. रंग इतका ताजा होता की ओघळ अजून चमकत होते.

लग्न होऊन आली तेव्हा याच रस्त्यानं आली असेल म्हणावं, तर रंग आठवड्याभरातला. कोणी घरी येऊन बोललं असेल म्हणावं, तर म्हशी आणि बगळा सांगायला कोण येतं? मी बराच वेळ तिथे बसलो होतो. गुडघे दुखायला लागले तेव्हा उठलो. पाटे पुरेसे बसले आहेत, आता सरकीचं काम संपलं, असं मी स्वतःला सांगितलं, आणि ते खरंही होतं.

५

जिनात पोहोचल्यावर आधी पोती काट्यावर टाकली. मण तीन शेर, शेरभरही इकडेतिकडे नाही. मला फार बरं वाटलं. हिरालालशेठना विचारून ती सगळी सरकी त्यांच्या बैलांपुढे ओतली, त्यांनी ती चाटूनपुसून खाल्ली. आत्याचं दान झालं, उशिरा का होईना. लुगडं घडी करून पिशवीत टाकलं.

मग सवयीनं माप घेतलं. खटोला रिकामा होता आणि आसापासून आठ बोटं वर असायला हवा होता. सहाच बोटं भरली.

पाटे थकले, दुसरं काय? घासताना जास्त पातळ झाले असतील. दुपारच्या सुट्टीत ते सोडवले आणि जमिनीवर ठेवले. सोडताच ते पहिल्यासारखे कमानदार झाले, टणक. परत बसवले. सहा बोटं.

जोडण्याआधी मी साईडकारचं वजन करून तो आकडा आतल्या फळीवर कोरला होता. आता चार बोल्ट काढून ती गाडीपासून वेगळी केली आणि दोन हमालांच्या मदतीनं काट्यावर चढवली. आकडा सव्वीस शेरांनी जास्त आला.

हमाल गेले. मी आसन काढलं, कातडं उकललं, हात घालून कोपरा न् कोपरा चाचपला. चिखल नाही, दगड नाही, पाणी मुरलेलं नाही. सागाचं कोरडं लाकूड. फक्त आसन माणूस बसून उठल्यावर असतं तसं कोमट लागलं. पण ते उन्हात होतं.

हिरालालशेठ बाहेर आले. हे शांत गृहस्थ, आवाज कधी चढायचा नाही. म्हणाले, “जगदेव, अडचण काय आहे?”

“काटा चुकतो आहे, शेठ.”

त्यांनी स्वतः शेराची, पाच शेराची, मणाची वजनं ठेवून पाहिली. काटा चोख होता. मग ते खटोल्याकडे पाहत राहिले आणि उगाचच पायातल्या वहाणा नीट करून दोन पावलं मागे सरले. “आज लवकर घरी जा,” एवढंच म्हणाले.

जाताना एका ठिकाणी वाट डावीकडे काटकोनात वळते. रिकाम्या साईडकारचं चाक तिथे हमखास उचलायला हवं. मी मुद्दाम वेगात वळलो. चाक रस्त्याला धरून राहिलं.

६

रोज संध्याकाळी मी रंगूला उचलून न्हाणीत न्यायचो. तीन वर्षांची सवय. रोज उचलणाऱ्याला फरक कळत नाही, वासरू रोज पाहणाऱ्याला त्याची वाढ कळत नाही तसं. त्या संध्याकाळी मी मुद्दाम, पोतं उचलावं तसं, मन लावून उचललं.

सतरा शेर. फार तर साडेसतरा.

मी तिच्याकडे पाहिलं. गाल भरलेले, हाताच्या बांगड्या होत्या तितक्याच घट्ट. डोळ्यांत कधी नव्हे ती चमक होती. ती आजारी दिसत नव्हती. उलट दहा-अकरा दिवसांत तिचा रंग उजळला होता.

“काहून असे पाहून राह्यले?”

“जेवलीस का दुपारी?”

“दीड भाकर,” आत्यानं आतून सांगितलं.

सव्वीस आणि सतरा त्रेचाळीस होतात, हे कळायला शाळा लागत नाही. मला भीती वाटली. खरं सांगतो, मी भुताखेताला भ्यालो नसतो, पण हिशोब जुळला म्हणून भ्यालो. चुकला असता तर निजलो असतो सुखानं.

रंगूला खाटेवर ठेवून मी कोठ्यात गेलो. आत्या मागोमाग आली. खटोल्याकडे न पाहता म्हणाली, “तिले तिच्या मायजोळ ने, बापू. आता थांबू नको.”

“तठी जाऊन काय होईन?”

“मले काय माईत? पन माय लेकीले वळखते.”

मी मिस्त्री माणूस, मला दुसरंच सुचलं. एक माल दोन ठिकाणी गेला असेल तर दोन्ही एका जागी ठेवावेत. रंगूला खटोल्यात बसवलं की त्रेचाळीस शेर पुन्हा एकत्र येतील, मग जे काय व्हायचं ते सावरेल. दुरुस्ती म्हणजे शेवटी सुटलेलं सांधणंच. पेट्रोलची कुपनं साठवून ठेवलेली होती. दुसऱ्याच दिवशी निघायचं ठरवलं.

७

पहाट फुटली आणि मी रंगूला खटोल्यात ठेवलं. पाटे सहावरून चार बोटांवर आले. बरोब्बर चार. मला इतका हुरूप आला की आत्याच्या पाया पडलो. रंगू मात्र आसनावर सरळ बसली नाही. एका कडेला अंग चोरून बसली, जागा ठेवावी तशी.

“मधात बस ना,” मी म्हटलं.

“बरी हावो मी,” ती म्हणाली.

कारंजा, शेलूबाजार, मंगरुळपीर, वाशीम. वाटेत दोनदा पाणी प्यायलो, एकदा प्लग साफ केला. रंगू सारा वेळ बोलत होती. कापसाची वेचणी, बाभळी, पोपटांचे थवे, मंगरुळपीरचा बाजार. तीन वर्षं खिडकीतून एक कोठा पाहिलेली बाई, तिचं बोलणं थांबेचना. तिला हिसका एकदाही बसला नाही. मी वीस वर्षांत जेवढी यंत्रं नीट केली त्या सगळ्यांपेक्षा मला त्या चार पाट्यांचा अभिमान वाटला. वाशीम ओलांडल्यावर ती गप्प झाली. मी वाकून पाहिलं, तर जागीच होती. माझ्याकडे बघून हसली.

अनसिंगला पोहोचलो तेव्हा दुपार कलली होती. सासूबाई अंगणात बाजेवर बसून सुपातली तूर बोटांनी निवडत होत्या. मोतीबिंदूनं दोन्ही डोळे पांढरे झालेले. फटफटीच्या आवाजानं त्यांनी मान वर केली.

“कोन हाय?”

“मी जगदेव. रंगूले घिऊन आलो.”

सूप हातातून पडलं, तूर अंगणभर झाली. मी घाईनं पुढे झालो आणि रंगूला दोन्ही हातांवर उचलून घेतलं.

पाटे हलले नाहीत. मी तिला घेऊन उभा होतो आणि खटोला चार बोटांवर तसाच बसलेला होता. माझ्या हातांवर ऊब होती. तिचा श्वास माझ्या मानेला लागत होता. वजन नव्हतं. शेर नाही, पावशेर नाही.

सासूबाई हात पुढे करून चालत आल्या. त्यांचा पदर रंगूच्या लोंबत्या पायाला घासून गेला, तरी त्या थांबल्या नाहीत. थेट खटोल्याशी गेल्या, वाकल्या. त्यांचे दोन्ही तळवे आसनाच्या वर, बसलेल्या माणसाच्या तोंडाच्या उंचीला, हळूहळू फिरू लागले. कपाळावरून, गालावरून, हनुवटीखालून. मोकळ्या हवेत हात असे फिरत नाहीत, हे हात कशाला तरी अडत होते आणि वळत होते.

“आली वो माही माय,” त्या रडत म्हणाल्या. “किती दिवसानं आली. अन् काही वायली नाई, तशीच हाय.”

“माय,” रंगू माझ्या हातांवरून म्हणाली. “माय, मी अठी हावो.”

सासूबाईंनी ऐकलं नाही. त्या आसनाकडेच कान देऊन ‘हाव, हाव’ म्हणत होत्या. मग त्यांनी खांदा पुढे केला. “धर माह्या खांद्याले. हयू हयू उतर.”

पाटे करकरले. रिकामा खटोला चारवरून आठ बोटांवर उचलला गेला. मला मापायची गरज नव्हती.

सासूबाई घराकडे निघाल्या, एका अंगाला कलून, कोणाचा तरी भार घेऊन. सारवलेल्या अंगणात त्यांच्या अनवाणी पायांचा आवाज येत होता, आणि त्याच्याबरोबर आणखी दोन पायांचा. ते पाय अडखळत होते, चालायची सवय मोडलेले. पायांखाली तुरीचे दाणे कुरकुरत होते. उंबऱ्याशी दोघी थांबल्या. मग आत गेल्या, आणि आतून खाट वाजली.

रंगूनं हे सगळं पाहिलं. तिनं माझ्या सदऱ्याची गळपट्टी मुठीत धरली.

“जवाईबापू,” आतून सासूबाईंची हाक आली, सुखानं भरलेली. “बाहेर काहून उभे राह्यले? हातातलं काय असंन ते ठेवा तठीच अन् या आत. लेक बलावून राह्यली तुमाले.”

“ठेवू नका मले,” रंगू हळूच म्हणाली.

मी उभाच राहिलो. हातांवर काही नव्हतं, फक्त गळ्यापाशी सदरा ताणलेला होता.